मंगलशी भांडलेली कुंदाकाकी

पापड लाटून आणणारी बाई दारात आली की कुंदाकाकी आधी बाईकडे बघत नसे, पापडाकडे बघे. चळतीतला मधलाच एखादा पापड उचलायची, दारातल्या उजेडासमोर धरायची आणि डोळे बारीक करून म्हणायची, "हा तुझा नाय. हा तुझ्या सुनेचा हाय. आनि रागात लाटलाय. कड बघ कशी चेचलीय." मग पापड राहायचे बाजूला आणि सुनेचं गाऱ्हाणं सुरू व्हायचं. काकी हातातलं काम न सोडता सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "हे मला नको सांगू. तिला समोर बसव नि बोल."

समोर ये नि बोल, हे तिचं ठरलेलं वाक्य. पाणी सोडणाऱ्याला, दुकानदाराला, मत मागायला आलेल्याला, सगळ्यांना हेच. एकदा गल्लीतल्या एका बाईनं आवई उठवली की काकी जुन्या पोह्यांचं पीठ वापरते. काकीनं पोळपाट उचलला, तिच्या अंगणात जाऊन बसली आणि तिथंच लाटायला लागली. "तू पन बस," म्हणाली. "पीठ हातात घे, वास घे नि मग बोल." ती बाई पुढे काकीच्याच पापडांची मोठी गिऱ्हाईक झाली. काकी भांडण घरी आणत नसे. जिथलं असेल तिथंच मिटवून येई.

पेणच्या रामवाडीत हायवेच्या अलीकडे तिचं घर होतं. पुढच्या पडवीत आणि मागच्या पत्र्याखाली पापडाचं काम चाले. नवरा धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जायचा, तो लवकर वारला. मूलबाळ नव्हतं. गल्लीतल्या बायकांना हाताशी धरून तिनं पोह्याच्या पापडांचा धंदा उभा केला होता. मी रोह्याजवळच्या वरशाची. नववीतून शाळा सुटली, दोनचार ठिकाणी काम केलं, कुठेच टिकले नाही. मला लोकांशी बोलायची भीती वाटायची. कुणी मोठ्यानं विचारलं तरी मी दाराआड जायची. आईच्या ओळखीनं काकीकडे आले, तेव्हा पहिल्या दिवशी काकीनं विचारलं, "काय येतं तुला?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "बरं झालं. शिकलेलं मोडायला लय वेळ जातो." मी मस्कतला येईपर्यंत तिच्याकडेच राहिले. आज इथं एका शाळेच्या स्वयंपाकघरात उभी आहे ती तिच्यामुळे, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे भांडणाच्या नादात राहून जाईल.

भांडण मंगलशी. तुम्ही ते 'मिंगल' नावाचं ॲप वापरत असाल. आता लोक त्याचं नाव घेताना तोंड वाकडं करतात, पण तेव्हा तसं नव्हतं. पेणमध्ये न्हाव्याच्या दुकानापासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांच्या पाटीवर 'आम्हाला मिंगलवर भेटा' असं असे. आखातात गेलेले बाप त्यावर मुलांचे वाढदिवस बघत. वडखळच्या नाक्यावर वाहनं अडकली की ती बातमी आधी तिथं येई. आमच्या बायकांच्या तोंडात मिंगल बसेना, त्याचं मंगल झालं. आणि मंगल म्हटल्यावर ती बाईच झाली. "मंगल काय म्हनते बघ गो," असं काकी सकाळी विचारायची, जशी पलीकडच्या गल्लीतली कुणी बातमी घेऊन आली आहे. फोन बंद पडला की "मंगल झोपली". नेट गेलं की "मंगल माहेरी गेली".

मंगलवर पापडाचं खातं मीच काढलं. काकीनं एकच अट घातली होती, "मी जशी हाय तशी दिसली पायजे." कॅमेरा पोळपाटाशेजारी ठेवायचा आणि ती नेहमीसारखी लाटता लाटता बोलायची. कुणाला काय कळेल, कुणाला काय वाटेल, असला विचार नाही. "ही लाटी बघा, लय घट्ट झाली. आज आमच्या शेवंतानं पानी कमी घातलंय. तिला घोर लागलाय पोरीच्या लग्नाचा." शेवंता मागून ओरडायची, "काकी, जगाला कशाला सांगताव?" आणि जग ते ऐकायला यायचं. पुण्यामुंबईहून, आखातातून, कुठून कुठून बायका लिहायच्या की तुमचं बोलणं ऐकून माहेरी आल्यासारखं वाटतं. पुढचा एक दात पडला होता तोही तसाच दिसायचा. मी एकदा भीत भीत म्हटलं, काकी, दात बसवून घ्या, लोक बघतात. ती म्हणाली, "पापड बघतात ते. दात कोन मोजतो?"

ते दिवस चांगले होते. मी खोटं बोलणार नाही. मंगलनं आमचं भलं केलं. शेवंताच्या पोरीचं लग्न झालं, पत्र्याची शेड पक्की झाली, मला पहिल्यांदा माझ्या नावाचा पगार मिळाला.

मग हळूहळू मंगलची चाल बदलली. आधी ओळखीची माणसं दिसायची, आता अनोळखी दिसायला लागली. आपण एकदा चपला बघितल्या की आठवडाभर चपला. शेजारच्या मुलीचा फोटो कुणी भलत्याच जागी चिकटवला आणि तिनं महिनाभर कॉलेजला जायचं सोडलं. दोन आळ्यांमध्ये गणपतीच्या मिरवणुकीवरून कधीच न झालेली मारामारी मंगलवर झाली आणि ती बघून मग खरीच झाली. टीव्हीवर दाखवत की परदेशात कंपनीच्या साहेबांना पुढाऱ्यांनी समोर बसवून प्रश्न विचारले आणि साहेब माफी मागत होते. काकीनं ते बघितलं आणि म्हणाली, "त्यांच्याकडे समोर तरी येतात. आपल्याकडे कोन येतो?" पाटीवरचं 'मिंगलवर भेटा' न्हाव्यानं रंगानं पुसून टाकलं. लोक चहाच्या टपरीवर उभे राहून मंगलला शिव्या घालत आणि शिव्या घालून झाल्या की तिथंच फोन काढून तिला बघत.

एका सकाळी वरशाहून आईचा फोन आला. आवाज रडवेला. "नयने, कुंदाबाईंचं तेल लावलं गो. पाय भाजला."

मी म्हटलं, कसलं तेल?

"अगो, त्या मंगलवर सांगतात ना, गुडघ्याचं. कुंदाबाई सांगतायत म्हनून मागवलं."

काकी शेजारीच होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. तेव्हाच आम्ही निघालो. घरी पोचल्यावर आईची साडी वर करून पाय बघितला. दोन्ही गुडघ्यांवर फोड आले होते, कातडी लालभडक. काकी खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "दाखव मला. काय सांगते मी ते."

आईनं फोन पुढे केला. त्यात काकी होती. हिरवी साडी, तोच चेहरा, तोच आवाज. पुढचा दात बसवलेला. "नमस्कार. मी कुंदा. आपण गुडघेदुखीने त्रस्त आहात का?"

काकीनं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग विचारलं, "त्रस्त म्हंजे काय गो?"

मी म्हटलं, त्रास होणं.

"मग त्रास म्हन ना. मी जन्मात हा शब्द बोलले नाय." मग फोनकडेच बघत म्हणाली, "दात पन लावून दिलाय मंगलनं. फुकट."

मला हसू येईना. काकीचा चेहरा नि आवाज उचलून कुणीतरी कॉम्प्युटरवर ही जाहिरात बनवली होती. मी आईला विचारलं, आई, तुला कळलं नाही का, काकी असं बोलतात कधी?

आईनं जे उत्तर दिलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "मला वाटलं मोठ्या लोकांसमोर बोलतायत. मोठ्या लोकांसमोर मानूस शुद्धच बोलतो ना." आमच्याकडे असंच आहे. हातात माइक आला, समोर साहेब आला, कॅमेरा लागला, की आमची माणसं 'नाय'चं 'नाही' करतात, 'हाय'चं 'आहे' करतात. लग्नात आहेराची नावं वाचणारासुद्धा बदलतो. जे खोटं म्हणून कळायला हवं होतं, तेच आईला रीत वाटलं. वरशात, रोह्यात, पेणमध्ये कितीतरी बायकांना तसंच वाटलं होतं. पुढच्या काही दिवसांत एकेक दारात यायला लागली. कुणी भांडायला, कुणी फोड दाखवायला, कुणी नुसतंच विचारायला की काकी, हे खरं का. त्या नुसतं विचारणाऱ्या बायकांचंच काकीला जास्त लागलं. फोड बरे होतील, म्हणायची, पण हिनं मला विचारलं म्हंजे हिच्या मनात आलं.

आम्ही मंगलला कळवलं. मी टाइप करत होते, काकी मागून सांगत होती. "लिही, ही मी नाय." लगेच उत्तर आलं की तुमची तक्रार तपासली, नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. काकी म्हणाली, "एवढ्या लवकर तपासली? चष्मा पन लावला नसेल." पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच, शब्दाला शब्द. पोलिसांकडे गेलो, त्यांनी बसवून घेतलं, चहा दिला, तक्रारही घेतली, आणि म्हणाले, कंपनी परदेशातली आहे, बघतो. काकीनं विचारलं, कंपनीचं दार कुठं हाय, ते सांगा, मी जाते. तिथल्या मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, काकी, दारच नाही तिचं.

जिच्या दारात जाऊन बसता येत नाही, तिच्याशी भांडायचं कसं, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. येताना वाटेत म्हणाली, "जाहिरातीचे पैशे तीच घेते. माझं तोंड दाखवून माझ्याच मान्सांना भाजते. आनि दार नाय."

तिचा पुतण्या पनवेलला नोकरीला होता, चांगला मुलगा. त्यानं फोन करून सांगितलं की काकी, खातं बंद करून टाक, चार दिवस गप्प बस, लोक विसरतात. काकी म्हणाली, "मी कशाला जाऊ? चोर जाऊ दे. मी गेले तर तिथं तीच एक कुंदा ऱ्हाईल." आणि फोन ठेवून मला म्हणाली, "सलीमला बोलाव. भोंगेवाल्याला."

सलीमभाईंची रिक्षा गावात सेल, पाणी बंद, हरवलेलं लेकरू असं सगळं पुकारत फिरायची. आवाज तयारीचा. ते म्हणाले, काकी, मजकूर द्या, मी असा बोलतो की लोक कामं सोडून बाहेर येतील. काकी म्हणाली, "तुझा आवाज चोरलाय काय? माझा चोरलाय. मीच बोलनार." आणि ती रिक्षात मागे बसली, मांडीवर भोंग्याच्या मशीनचा डबा, हातात माइक. मी तिच्या शेजारी. रिक्षा बाजारपेठेतून निघाली.

"ऐका. मी पेनची कुंदा पापडवाली. फोनमधी जी तेल विकते ती मी नाय. मी तेल विकत नाय. ते तेल लावू नका, कातडी भाजते. ज्याला खरं करायचंय त्यानं रामवाडीत यावं नि मला बघावं. चाय पन देईन."

लोक दुकानांतून बाहेर आले. एक जण म्हणाला, "काकी, फोनमध्ये तुम्ही गोऱ्या दिसता." काकीनं माइकवरच उत्तर दिलं, "मग तिथंच बघ. हितं उन्हात कशाला उभा ऱ्हायलास?" सगळा बाजार हसला. पेण झालं, मग रोहा. रोह्याच्या बाजारात तिचा आवाज बसला तेव्हा तिनं माइक माझ्या हातात दिला. मी म्हटलं, काकी, मला जमणार नाही. ती कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "घाबर. घाबरून पन बोल. दोनी एकदम होतं." मी बोलले. काय बोलले आठवत नाही, पण वरशाच्या रस्त्याला लागेपर्यंत मी बोलत होते आणि आवाज थरथरत होता. सलीमभाईंनी त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, माझ्या अम्मीनं पण ते तेल मागवलं होतं.

हे सगळं कुणीतरी फोनवर टिपलं आणि, गंमत बघा, ते मंगलवरच पसरलं. मंगलला शिव्या घालणारी कुंदाकाकी मंगलवरच सगळ्यांत जास्त बघितली गेली. आणि त्यामुळेच असेल, काही आठवड्यांनी एका मुलीचा फोन आला. मुंबईहून, कंपनीचं काम बघणाऱ्या एका एजन्सीतून. रोह्याला हॉलमध्ये 'मिंगलच्या उद्योगिनी' असा सन्मान सोहळा ठेवला होता. काकीनं यायचं, सत्कार घ्यायचा, दोन शब्द बोलायचे. नावापुढे निळी खूण मिळेल, म्हणजे खरं खातं कुठलं ते लोकांना कळेल. आणि त्या तेलाच्या जाहिरातीचं? मुलगी म्हणाली, आपण तेही वरपर्यंत पोचवू.

गल्लीत दोन तट पडले. शेवंता म्हणाली, "जा, घ्या ती निळी टिकली. वरून जाहिरात निघाली तर निघाली." मलाही तसंच वाटत होतं. आईचे गुडघे अजून बरे नव्हते आणि जाहिरात रोज कुणाला तरी दिसत होती. काकीनं दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "जाऊ. इतक्या दिवसांनी मंगल समोर येतेय. नाय कशी म्हनू?"

हॉल सजवला होता. मंचाच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे पुठ्ठ्याचे फोटो उभे होते, त्यांत एक काकीचा. हसरा, हात जोडलेला. फोटो आमच्या खात्यावरूनच घेतला होता. काकीनं आधी पुठ्ठ्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं, दात पडलेलाच आहे ना हे बघितलं, आणि मग आत गेली. फोनवरची मुलगी भेटली. वयानं लहान, गोड, सतत पळापळीत. तिनं काकीचे पाय धरले, खरंच धरले, आणि हातात एक कागद दिला. "काकी, फक्त एवढं वाचा. कॅमेऱ्याकडे बघून."

काकीनं मला वाचायला लावलं. मी वाचलं, 'नमस्कार. मी कुंदा. मिंगलने माझी ओळख जगाशी करून दिली. मी मिंगलची ऋणी आहे.'

काकी त्या मुलीला म्हणाली, "हे तर ती फोनमधली बाई बोलते."

"म्हणजे?" मुलगी गोंधळली.

"तीच. 'नमस्कार, मी कुंदा.' तिला विचार, ती वाचून दाखवील. तिला दात पन हायेत."

मुलगी रडवेली झाली. म्हणाली, काकी, मला तुमचं पटतं, पण मी फक्त कार्यक्रम करते. जाहिरातींचा विभाग वेगळा आहे. काकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं काय चुकलं गो. पन बघ, सत्कार करायला मंगल एकच, नि तक्रार केली की तिचे विभाग."

नाव पुकारलं तेव्हा काकी मंचावर गेली. शाल घेतली नाही. नारळ घेतला. माइकसमोर उभी राहिली आणि कागद घडी करून कमरेला खोचला.

"मी कुंदा, रामवाडीची. मंगलमुळं माझी वळख झाली हे खरं हाय. लोक मला वळखतात, ते तिच्यामुळं. आनि माझी वळख तिनंच तेलवाल्याला विकली, हे पन खरं हाय. मी हितं समोर आलीय. तुमच्यातलं कोन मंगलच्या घरचं असल त्यानं ती जाहिरात आत्ता काढावी. मी थांबते."

ती खरंच थांबली. माइकसमोर हात बांधून. मंचावरच्या कोटातल्या साहेबांनी शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्यानं फोनमध्ये बघितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "काढा की ओ." मग आणखी कुणी. बऱ्याच वेळानं साहेब पुढे आले आणि म्हणाले, ताई, प्रक्रिया सुरू आहे. काकीनं मान हलवली.

"मग दोन्ही छापा. वळख दिली ते पन नि विकली ते पन. एकच छापनार असाल तर माझं तोंड नको."

खाली उतरली ती सरळ पुठ्ठ्याच्या फोटोकडे गेली आणि तो उचलायला लागली. एजन्सीची मुलगी धावत आली, काकी, ते परत न्यायचंय. काकी म्हणाली, "तोंड माझं हाय. हितं ठेवून नाय जानार." मी एका बाजूनं धरलं. हॉलबाहेर मिनिडोअर रिक्षा उभी होती. पुठ्ठ्याची काकी आत बसेना, शेवटी तिला आडवी करून पाय बाहेर काढले. ड्रायव्हरनं विचारलं, "काकी, नारळ तरी परत करायचा ना?" काकी म्हणाली, "नारळ कोकनातला हाय. त्याचं काय चुकलं?"

तो पुठ्ठा काकीनं मागच्या अंगणात पापड वाळत घालायच्या जागी उभा केला. कावळे येत नसत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मंगलला जमलं नाय, पन माझ्या तोंडाचा मला उपेग झाला." पहिल्या पावसाळी सरीत तो भिजला, वाकला, रंग उतरला, आणि शेवटी चुलीत गेला. त्याचं तिला काही वाटलं नाही.

निळी खूण आली नाही. आमचं खातं लोकांना पूर्वीइतकं दिसेनासं झालं. मंगल रुसली की आणखी काही, ते आम्हाला कळलं नाही. मागणी घटली, दोन बायकांना काम सोडावं लागलं. शेवंता एकदा चिडून म्हणाली, "काकी, एक कागद वाचला असता तर काय जीभ झडली असती?" काकीनं तिला समोर बसवलं. म्हणाली, "व्हय, नुकसान झालं. माझ्यामुळं झालं. पन उद्या तुझं तोंड चोरलं, तर तू कोनाकडे येशील? जिनं कागद वाचला तिच्याकडे?" शेवंता बराच वेळ पीठ मळत राहिली. मग म्हणाली, तुमच्याकडंच येईन, दुसरं कोन हाय. कोरडेपणानंच म्हणाली, आणि कामाला लागली. पेण आणि रोह्यात मात्र ते तेल कुणी घेईना. बाजारात कुणी शुद्ध बोलून काही विकायला लागला की बायका म्हणत, "हा मंगलचा दिसतो."

मी मस्कतला निघाले तेव्हा काकी सोडायला स्टँडवर आली. मी तिला पुन्हा पुन्हा विचारत होते, तिथं कुणी ओरडलं तर, कागदात चूक निघाली तर, मला परत पाठवलं तर. ती म्हणाली, "परत आलीस तर हितं पोळपाट हाय. पन जो ओरडंल, त्याच्या समोर उभी ऱ्हा नि काय म्हनायचंय ते आपल्या बोलीत म्हन. त्याला कळलं नाय तर त्याची अडचन." इथल्या मुकादमासमोर मी तसं दोनदा केलं आहे. आवाज थरथरला. त्याला कळलंही.

काकी मागच्या थंडीत गेली. छातीत कफ झाला, अलिबागला नेलं, परत आली नाही. मला शेवंतानं फोन केला. मला जाता आलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्या खोलीतल्या केरळच्या लिसीनं तिचा फोन माझ्यापुढे धरला. "ही तुझी भाषा ना? हे तेल चांगलं आहे का? माझे गुडघे दुखतात." फोनमध्ये काकी होती. हिरवी साडी, पूर्ण दात, प्रसन्न. मला आधी आनंद झाला, हे मी लपवत नाही. इतक्या दिवसांनी ती हसताना दिसली. मग ती 'त्रस्त' म्हणाली.

लिसीला मी सांगितलं, ही बाई वारली आहे, आणि वारली नसती तरी हे बोलली नसती. मग मंगलला तक्रार करायला बसले. आता तक्रारीची पद्धत बदलली आहे. आता ती आधी एक प्रश्न विचारते, हा चेहरा कुणाचा आहे? खाली तीन उत्तरं असतात. माझा. माझ्या मुलाचा. प्रसिद्ध व्यक्तीचा. यांतलं एक दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वारलेल्या काकीसाठी जागा नाही.

मी शेवंताला फोन करून विचारलं, तुम्ही काय दाबता? कारण रामवाडीतल्या बायकाही रोज सकाळी पीठ कुटायला घ्यायच्या आधी तक्रार करतात, हे मला माहीत होतं. शेवंता म्हणाली, "काय म्हंजे? 'माझा' दाबतो. सगळ्याजनी."

मीही 'माझा' दाबते. मग मंगल माझा फोटो मागते, पुराव्याला. मी स्वयंपाकघराच्या कपड्यांत, डोक्याला जाळी बांधलेली, फोनसमोर उभी राहते आणि फोटो काढून पाठवते. थोड्या वेळानं उत्तर येतं की दोन्ही चेहरे जुळत नाहीत.

नसतील जुळत. उद्या सुट्टी झाली की पुन्हा पाठवीन.